सिंकखाली मोरी नसते
भोर-वेल्ह्याकडून परदेशी येणाऱ्या नव्या मंडळींसाठी, गळक्या नळाविषयी

माझ्या भाच्यानं गळक्या नळाखाली पातेलं ठेवलं आणि तीन आठवडे तो निवांत होता. मुलगा वेल्ह्याचा, कामात हुशार, न्यू जर्सीत येऊन दोन महिने झालेले. सिंकखालच्या कपाटात थेंब पडतोय हे त्याला दिसलं होतं. त्यानं पातेलं सरकवलं आणि रोज संध्याकाळी त्यातलं पाणी खिडकीतल्या तुळशीला घातलं. पाणी वाया जात नव्हतं, मग बिघडलं कुठे? बिघडलं ते पातेल्याबाहेर. दुसरा एक थेंब नळीच्या पाठीमागून भिंतीला धरून उतरत होता. चौथ्या आठवड्यात खालच्या मजल्यावरचे लोक वर आले. त्यांच्या छतावर चहा सांडल्यासारखा तपकिरी डाग उमटला होता. आमच्या बाजूला कपाटाचा तळ बोटानं दाबला, तर चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा आत गेला.

मी त्याच्यावर रागावले. मग आठवलं, की इथं आल्यावर पहिल्या वर्षी मीही हेच केलं होतं. फक्त माझं पातेलं मोठं होतं. त्या रविवारी मिसिसॉगा, स्लाउ, श्टुटगार्ट, दुबई आणि मेलबर्न इथल्या, आपल्या दोन तालुक्यांतून येऊन स्थिरावलेल्या ओळखीच्या घरांना फोन लावले. प्रत्येक घरातून एक पातेलं निघालं, एका घरातून तर मोठं घंगाळ. पुढे जे लिहिलंय ते या सगळ्यांनी सांगितलेलं आहे. एकत्र मी केलं, आणि मध्ये मध्ये स्वतःचं घुसडलं.

पातेलं ठेवणं हा आपला दोष नाही, वळण आहे. तोरणा-राजगडाच्या कुशीतल्या वाड्यांवर आषाढात घराबाहेर पाय टाकवत नाही, आणि वैशाखात टँकरची वाट बघावी लागते. भाटघरचं धरण भोरच्या उशाला, पण त्याचं पाणी कालव्यानं बारामती, इंदापूर, फलटणकडे जातं. झऱ्याच्या तोंडाशी वाटी धरून हंडा भरणारी आजी आपल्यापैकी अनेकांनी पाहिली आहे. आपल्याला ठिबकणारं पाणी म्हणजे मिळणारं पाणी. त्याचा आवाज ऐकून झोप उडत नाही, उलट लागते.

शिवाय गावाकडच्या घरात नळ गळला तर गळून गळून जातो कुठे? मोरीत. मोरीला शहाबादी फरशी, फरशीला उतार, उताराच्या टोकाला भोक आणि भोकाबाहेर अळू नाहीतर केळ. गळक्या नळानं केळीला चार फण्या जास्त येतात, बस. इथं सिंकखाली मोरी नसते. सिंकखाली भुशाच्या दाबलेल्या फळीचं कपाट असतं, त्याखाली लाकडी जमीन आणि जमिनीखाली दुसऱ्या कुणाचं तरी छत. अमेरिका-कॅनडातली बहुतेक घरं लाकडी सांगाड्याची आणि आतून जिप्सम बोर्डाची. ओल आत शिरली की एक-दोन दिवसांत बुरशी धरायला लागते. गावाकडे गळती म्हणजे पाण्याचं नुकसान, इथं घराचं. एवढा फरक ध्यानात ठेवलात तर पुढचं निम्मं तुमचं तुम्हालाच सुचेल.

दुसरा फरक दाबाचा. आपल्याकडे गच्चीवर टाकी. तिच्यातल्या पाण्याची पातळी नळापासून पाचेक मीटर उंच धरली, तर नळाशी दाब येतो अर्धा बार. इथल्या मापात सात पीएसआय. अमेरिकेतल्या घरात तो सहसा ४० ते ८० असतो. पन्नास धरला, तरी नळाच्या डोक्यावर ३५ मीटर उंचीची टाकी आहे असं समजा, म्हणजे दहा-अकरा मजली इमारतीच्या गच्चीवर. आणि पाणी सकाळी तासभर येऊन जात नाही, दिवसरात्र असतं. भोरात ज्या फटीतून नुसता ओलावा झिरपला असता, त्याच फटीतून इथं पिचकारी उडते. सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून वर सुतळी आवळायची, हा आपला हुकमी इलाज इथं रात्र काढत नाही. दाबाखालचं पाणी काय करतं हे वेल्ह्याच्या माणसाला मी काय सांगावं? १२ जुलै १९६१ ला फुटलेलं पानशेत आपल्याच तालुक्यातलं.

(वेल्ह्याला आता राजगड तालुका म्हणायचं. माझी जीभ अजून वळत नाही, सांभाळून घ्या.)

आधी बंद करायला शिका

घरात सामान लावण्याआधी, देव मांडण्याआधी म्हटलं तरी चालेल, मुख्य कॉक शोधा. सगळ्यांनी, अगदी सगळ्यांनी, पहिलं वाक्य हेच सांगितलं. अमेरिका-कॅनडात तळघर असेल तर तो रस्त्याकडच्या भिंतीजवळ, मीटरच्या आसपास सापडतो. इंग्लंडात बहुधा स्वयंपाकघरातल्या सिंकखालीच असतो, आणि कंपनीचा दुसरा बाहेर फुटपाथवरच्या छोट्या झाकणाखाली. सदनिकेत राहात असाल तर देखभालवाल्याला विचारून ठेवा, आणि रात्री दोन वाजता त्याचा कुठला नंबर लागतो तेही विचारा. घरातल्या प्रत्येकाला, सासूबाई आल्या असतील तर त्यांनाही, तो कॉक एकदा दाखवा. मिसिसॉगाच्या वहिनींच्या घरी नळी फुटली तेव्हा घरात फक्त त्यांच्या आई होत्या. इंग्रजीचं एक अक्षर येत नाही, पण कॉक माहीत होता. तळघरातला गालिचा वाचला.

मुख्य कॉकशिवाय सिंकखाली गरम आणि गार अशा दोन नळ्यांचे दोन छोटे कॉक असतात. नव्या प्रकारात पाव फेऱ्यात बंद होणारी दांडी: नळीच्या दिशेत असली की चालू, आडवी केली की बंद. इंग्लंडात अनेकदा दांडीही नसते. नळीवर एक खाच असते आणि ती पेचकसानं फिरवायची. खाच नळीला समांतर तर पाणी चालू, आडवी तर बंद. जुन्या घरात गोल चाकाचा कॉक भेटतो, जो कित्येक वर्षांत कुणी हलवलेला नसतो. त्याच्याशी दांडगाई करू नका. जोर लावून बंद केलात तर त्याच्याच दांड्याशी गळायला लागतो, आणि एका गळतीच्या दोन होतात. असं झालंच, तर दांड्याच्या बुडाशी एक छोटी चाकी असते, ती पाव फेऱ्याहूनही कमी, अगदी चिमूटभर आवळा, बहुतेकदा थांबतं. कॉक हलतच नसेल तर त्याला सोडा आणि घराचं मुख्य पाणी बंद करा.

बंद केल्यावर वरचा नळ उघडून आतला दाब जाऊ द्या. हे विसरून चाकी सैल करणारा माणूस आयुष्यात एकदाच विसरतो.

हळदीची युक्ती

गळतं कुठून, हे शोधण्यात नव्वद टक्के काम आहे. पाणी जिथं पडतं तिथून ते गळत नसतं. ते वरून कुठून तरी निघतं, नळीला धरून, वळसे घेत सगळ्यात खालच्या टोकाशी येतं आणि तिथून थेंब होऊन पडतं. माणूस त्या टोकाची चाकी आवळत बसतो.

आधी कपाट पूर्ण रिकामं करा. गुळाची ढेप, कांद्याची टोपली, रिकाम्या बरण्या, सगळं बाहेर. मग प्रत्येक नळी, प्रत्येक सांधा कोरड्या फडक्यानं पुसा. पुसल्यावर सुका टिश्यू पेपर घेऊन वरपासून खालपर्यंत एकेक सांधा टिपत या. ओल पहिल्यांदा ज्या सांध्याला लागेल तोच चोर. तळाशी वर्तमानपत्र पसरून ठेवलंत तर थेंबाचा डाग जागा दाखवतो.

आता बघा गळतं कधी. नळ बंद असतानाही चोवीस तास गळत असेल, तर दोष येणाऱ्या पाण्याच्या बाजूला आहे: कॉक, नळी किंवा त्यांचा सांधा. नळ चालू केल्यावरच गळत असेल, तर नळाचं अंग किंवा त्यातली ओढून बाहेर येणारी फवाऱ्याची नळी बघा. सिंक भरून एकदम सोडल्यावरच गळत असेल, तर येणारं पाणी निर्दोष आहे. दोष जाणाऱ्या पाण्याचा, म्हणजे जाळी, वाकडी नळी आणि तिच्या प्लॅस्टिकच्या चाक्या.

इथं स्लाउच्या मावशींची युक्ती. सिंकला बूच लावा, पाणी भरा, त्यात चमचाभर हळद कालवा आणि बूच काढा. खाली टिश्यू पिवळा झाला तर गळती निचऱ्याची. पांढराच ओला झाला तर येणाऱ्या पाण्याची. बाजारात यासाठी रंगाच्या गोळ्या मिळतात म्हणे. आपल्या घरात मिसळणाचा डबा असताना त्या कशाला? फक्त नंतर सिंक लगेच धुवा. पांढऱ्या सिंकवर हळदीचा डाग राहिला, तर घरमालकाला समजावताना जीव जातो.

ओढता येणाऱ्या फवाऱ्यानं आमच्यापैकी तिघींना फसवलं आहे. फवारा वापरताना त्याच्या नळीला बारीक भेग असेल, तर पाणी नळीच्या बाहेरच्या अंगानं उतरून खालच्या वजनाशी, त्या लोंबत्या गोळ्याशी, टपकतं. बघणाऱ्याला वाटतं कॉक गळतोय. फवारा पूर्ण बाहेर ओढून, पाणी सोडून, नळीवरून हात फिरवा.

आणि काहीच दिसत नसेल, पण बिल वाढत असेल, तर घरातले सगळे नळ बंद करून मीटरचा आकडा लिहून घ्या. दोन तास कुणी पाणी वापरायचं नाही. आकडा बदलला तर कुठे ना कुठे गळतंय. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याचा हिशेब असा, की सेकंदाला एक थेंब पडला तर वर्षाला ३,००० गॅलनहून जास्त पाणी जातं. लिटरमध्ये ११ हजारांच्या वर. आपल्या मापात सांगायचं तर वाडीवर येणारा एक भरलेला टँकर.

टेफलॉन सगळीकडे नाही

आता मुख्य गोष्ट, जिच्यावर श्टुटगार्टचे काका आणि मी तासभर बोललो. आपल्याकडे नळ बसवणारा मिस्त्री प्रत्येक आट्यावर आधी काहीतरी गुंडाळतो. पूर्वी ताग आणि सफेदा, आता पांढरी टेफलॉन टेप. ते बरोबरच असतं, कारण तिथं पाणी अडवण्याचं काम आटेच करतात. इथं आलेला आपला माणूस टेप खिशात घेऊनच येतो आणि दिसेल त्या आट्याला पगडी बांधतो. तिथंच चुकतं.

सांधे दोन जातींचे. एका जातीत आटे पुढे निमुळते होत जातात, एकमेकांत रुतून बसतात आणि उरलेली फट टेप भरून काढते. दुसऱ्या जातीत आटे फक्त ओढून धरायला असतात. पाणी अडवतो तो आतला रबरी वायसर, किंवा नळीवर बसलेली पितळी कडी. कॉकपासून नळापर्यंत जाणाऱ्या जाळीदार स्टीलच्या नळ्यांची दोन्ही टोकं या दुसऱ्या जातीची. तिथं टेप गुंडाळलीत तर चाकी पूर्ण चढत नाही, वायसर नीट दाबला जात नाही आणि गळती थांबायच्या ऐवजी पक्की होते. वाईट म्हणजे वरून सगळं घट्ट लागतं. ज्या चाकीत डोकावल्यावर काळा वायसर दिसतो, तिथं टेप नको. हा एकच नियम पाठ करा.

टेप जिथं हवी तिथं आट्यांच्या दिशेनं, म्हणजे टोक तुमच्याकडे धरून घड्याळाच्या काट्याप्रमाणे, तीन-चार वेढे द्या. उलटे दिलेत तर चाकी चढवताना सगळे उलगडतात. ही टेप ज्या पदार्थाची, तो आमच्या न्यू जर्सीतच सापडला: ६ एप्रिल १९३८ रोजी ड्यूपाँटच्या प्रयोगशाळेत रॉय प्लंकेट वायूवर काम करत होता आणि नळकांड्यात त्याला पांढरी निसरडी भुकटी मिळाली. शोधायला काही वेगळंच गेला होता. भोरच्या हार्डवेअरच्या दुकानात पाच-दहा रुपयांना ती मिळते तेव्हा हे कुणाच्या मनात येत नाही.

वायसर असलेली चाकी आवळायची किती? हातानं जेवढी जाते तेवढी, आणि पान्यानं पाव फेरा. आपल्याला सवय अंगातली ताकद संपेपर्यंत आवळायची, ‘आता कसा गळतोस बघू’ म्हणत. प्लॅस्टिकची चाकी अशानं तडकते. ती लगेच फुटत नाही. महिन्या-दोन महिन्यांनी, तुम्ही कामावर असताना फुटते. पितळी असली तर वायसर चिरडतो. जुना वायसर पुन्हा लावू नका, त्याची किंमत किरकोळ आहे. आणि नळ्याच जुन्या असतील तर जोडीच्या जोडी बदला. जाळीदार नळीचं आयुष्य साधारण पाच ते दहा वर्षं धरतात. जाळीवर गंज दिसला किंवा कुठे फुगवटा दिसला की थांबू नका.

एक छोटी पण छळणारी अडचण: सिंकखाली पाठीवर झोपलं की उजवं-डावं बदलतं. वर बघताना चाकी ज्या बाजूनं सैल होईल असं वाटतं, त्याच बाजूनं ती आवळली जाते. मेलबर्नच्या दादांनी चाकी सैल करतोय असं समजून तिचे आटेच मारले. चाकी तुमच्याकडे तोंड करून आहे की पाठ करून, ते आधी बघा. शंका आली तर मनातल्या मनात बाटलीचं झाकण उघडून बघा.

आणि गावाहून येताना पितळी तोटी, वायसरची पाकिटं, अँगल कॉक बॅगेत टाकून आणू नका. आपल्याकडचे आटे ब्रिटिश मापाचे, अमेरिका-कॅनडातले वेगळे. अर्धा इंची दोन्हीकडे म्हणतात, इंचाला आटेही दोन्हीकडे चौदाच. पण आपल्या आट्याचा कोन ५५ अंश, इथल्याचा ६०. दोन-तीन फेरे मस्त चढतं, मग अडतं, आणि तुम्ही जोर लावता. शिवाय जानेवारी २०१४ पासून अमेरिकेत पिण्याच्या पाण्याला लागणाऱ्या भागात शिशाचं प्रमाण सरासरी पाव टक्क्याच्या वर चालत नाही. बोहारणीला जुन्या साड्या देऊन आईनं घेतलेली तोटी त्यात बसते का, हे कोण तपासणार?

तोंडातून ठिबकणारा नळ

सिंकखालची गळती घातक. वरून, नळाच्या तोंडातून होणारी फक्त त्रासदायक. ती आवळून थांबत नाही, हे आपल्याला कळायला वेळ लागतो, कारण गावाकडच्या जुन्या तोटीत खरंच थांबायची. आत वायसर झिजला, की चावी आणखी जोरात पिळायची, मग आणखी जोरात, शेवटी पक्कड. इथं बहुतेक नळ एका दांड्याचे, गरम-गार दोन्ही एकातच. या कल्पनेमागे म्हणे एक भाजलेला हात आहे: १९३७ मध्ये अ‍ॅल मोएन या विद्यार्थ्यानं दोन चाव्यांच्या नळाखाली हात धरला आणि पाणी अचानक उकळतं आलं. त्याचा नळ दुकानात आला १९४७ मध्ये. असल्या नळाच्या पोटात एक नळकांडं असतं, त्याला कार्ट्रिज म्हणतात. काहींत एकावर एक सरकणाऱ्या दोन चिनीमातीच्या चकत्या असतात. ते झिजलं की बदलायचं, दुसरा इलाज नाही.

बदलणं अवघड नाही. दोन्ही कॉक बंद करा. सिंकच्या भोकाला बूच लावा, कारण दांड्याचा स्क्रू तांदळाच्या दाण्याएवढा असतो आणि तो सरळ निचऱ्यात जातो. (अमेरिकेत त्या निचऱ्याखाली बऱ्याचदा विजेवर चालणारं कचरा दळायचं यंत्र असतं. त्यात हात घालू नका. आधी वीज बंद.) दांड्याच्या बुडाशी लाल-निळा ठिपका असतो, तो नखानं उचकटला की खाली स्क्रू सापडतो. प्रत्येक पायरीचा मोबाइलवर फोटो काढा. काढलेलं कार्ट्रिज पिशवीत घालून दुकानात घेऊन जा. नाव आठवून मागितलेलं कधीच बसत नाही. अनेक मोठे उत्पादक मूळ खरेदीदाराला हा भाग फुकट पाठवतात, विचारायला लाज वाटून घेऊ नका.

रबरी कड्यांना खोबरेल तेल नको, पेट्रोलियम जेलीही नको. इथल्या कड्यांचं रबर तिनं फुगतं. सिलिकॉन ग्रीसची बोटाएवढी ट्यूब घ्या, दहा वर्षं पुरेल. सगळं जोडल्यावर तोंडाची जाळी काढून पाणी मिनिटभर वाहू द्या. नाहीतर आतली खर जाळीत अडकते आणि नळ बारीक झाला म्हणून तुम्ही पुन्हा सगळं उघडता. लंडनच्या बाजूला पाणी क्षारांचं, चहावर तवंग येतो, जाळीला पांढरा थर बसतो. रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवली की सुटतो.

जर्मनीत मात्र ठिबकणाऱ्या प्रत्येक नळाला हात लावू नका. श्टुटगार्टच्या काकांनी दोन कार्ट्रिजं बदलली, मग शेजारच्या आजोबांनी समजावलं. तिथं काही घरांत सिंकखाली पाचेक लिटरचा छोटा गिझर असतो. पाणी तापलं की फुगतं, आणि फुगलेलं पाणी नळाच्या तोंडातूनच बाहेर पडायचं असतं. तापताना ठिबकणं हे त्याचं काम आहे. अशा गिझरला तीन नळ्यांचा कमी दाबाचा खास नळ लागतो. दुकानात दिसला म्हणून साधा दोन नळ्यांचा आणून जोडलात, तर गिझर फुटतो. काका ते जोडणार होते. आजोबांनी वाचवलं.

भाड्याचं घर असेल तर

मग पाना बाजूला ठेवा आणि आधी लिहा. घरमालकाला किंवा कार्यालयाला त्याच दिवशी, फोटो आणि तारखेसह. तोंडी सांगितलेलं इथं सांगितलेलं नसतं. आपल्याला वाटतं, एवढ्याशा थेंबासाठी कशाला त्रास द्यायचा. मालक चांगला माणूस आहे. भाच्यालाही तसंच वाटलं होतं. भाडेकरूच्या विम्यात अचानक फुटलेल्या नळीचं नुकसान सहसा भरून मिळतं, महिनोन्‌महिने झिरपत राहिलेल्याचं बहुधा नाही. तुम्हाला थेंब कधी दिसला, हा मग फार महागाचा प्रश्न होतो.

इंग्लंडात सिंक आणि पाण्याची जोडणी दुरुस्त ठेवणं ही १९८५ च्या कायद्यानं मालकाची जबाबदारी आहे. जर्मनीत अनेक घरं स्वयंपाकघराशिवायच भाड्यानं मिळतात. सिंक, नळ, कपाट सगळं तुम्ही आणायचं, त्यामुळे नळही तुमचा आणि गळतीही तुमची. ऑस्ट्रेलियात वायसर बदलण्यापलीकडचं बरंचसं काम परवान्याच्या प्लंबरनंच करायचं असतं. दादांनी स्वतः केलेलं काम त्यांना घर विकताना नडलं. दुबईत इमारतीचा देखभालवाला तासाभरात येतो, त्याच्या हातात चहा द्या. तिथल्या ताईंची भर एवढीच, की जूनमध्ये गार पाण्याचा नळ भाजतो. बिघाड समजू नका, गच्चीवरची टाकी तापलेली असते. त्या गिझर बंद ठेवतात आणि गरमच्या नळातून गार पाणी घेतात.

कॅनडात आणि आमच्याकडे वर्षातले चार-सहा दिवस असे येतात, की एवढं सगळं लिहून झाल्यावर मला उलटं सांगावं लागतं. पारा खूप खाली गेला आणि सिंक बाहेरच्या भिंतीला असेल, तर रात्री सिंकखालच्या कपाटाची दारं उघडी ठेवा आणि नळ बारीक ठिबकता सोडा. हलतं पाणी सहजी गोठत नाही, आणि गोठून फुगलं तरी दाब निघायला वाट राहते. वहिनी त्या रात्री ठिबकत्या नळाखाली पातेलं ठेवतात. त्या पातेल्याला माझी हरकत नाही.

आता परतीचं. चार वर्षं झाली की प्रत्येकाला भोरच्या नव्या घरात इथला नळ बसवायची हौस येते, तो हंसाच्या मानेसारखा, फवारा ओढता येणारा. मीही नेला. पंधरा किलो सामान कमी करून नेला. आटे जुळेनात. मिस्त्रीनं तीन दुकानं हिंडून जोडतुकडा शोधला आणि कसाबसा बसवला. टाकी गच्चीवर, दाब पाच-सात पीएसआय. फवाऱ्यातून पाणी आलं ते म्हाताऱ्या माणसाच्या लाळेसारखं. आईनं दोन दिवस काही म्हटलं नाही. तिसऱ्या दिवशी मिस्त्रीला बोलावून जुनी पितळी तोटी परत लावून घेतली, खाली कळशी ठेवली, आणि माझा नळ कापडात गुंडाळून माळ्यावर टाकला. अजून तिथंच आहे. कुणाला अमेरिकेत हवा असेल तर येताना घेऊन या.